पुण्याखालचं पाणी : कात्रजचा नळ, उसासे आणि भुयाराच्या गोष्टी

वाड्यातली

नमस्कार मंडळी,

आमचा वाडा शुक्रवार पेठेत. दिवाळीनंतर तो रिकामा करायचा आहे, पुनर्विकासाचे कागद झालेत. सगळ्यांनी आपापल्या वस्तू वाटून घेतल्या. पितळी घंगाळ एका आत्याकडे, पाट दुसरीकडे. पण एक गोष्ट कुणालाच उचलून नेता येणार नाही, म्हणून हा धागा काढते आहे.

मागच्या चौकात पारिजातकाखाली एक चौकोनी दगडी तोंड आहे, साधारण अडीच फूट बाय अडीच फूट. वर शहाबादी फरशी टाकलेली. आम्ही त्याला लहानपणापासून 'उसासा' म्हणतो. आजीच्या काळात त्यातून पोहऱ्याने पाणी काढायचे. आडासारखंच दिसतं, पण आड नाही. आडाचं पाणी उन्हाळ्यात खाली जायचं, उसाशाचं फारसं हलायचं नाही, असं आजी सांगायची. काठाच्या दगडावर दोराने पडलेल्या खाचा आहेत, बोट आत बसतं इतक्या खोल. मोजल्या, अकरा आहेत.

शेजारपाजारच्या सगळ्या मुलांना ठाऊक होतं की हे शनिवारवाड्याचं चोरभुयार आहे आणि ते पर्वतीला निघतं. मीही ते मैत्रिणींना सांगितलंय, शपथेवर सांगितलंय.

आता विचारायचं आहे ते असं. पुण्याच्या पोटातली ही जुनी बांधकामं नक्की काय आहेत, कुठे बघता येतात, आणि आमच्या उसाशाचं काय करावं? पाडकाम करणारे म्हणतात राडारोडा टाकून बुजवू, एका दिवसाचं काम आहे. मला रात्री झोप लागत नाही त्या वाक्याने.

गवंडी

ताई, आधी एक विनंती. कुणाला काहीही टाकू देऊ नका. राडारोडा तर नाहीच, 'स्वच्छतेसाठी' म्हणून चुना किंवा पावडरही नाही.

तुमचा उसासा हे चोरभुयार नाही, तो कात्रजच्या नळाचा उच्छ्वास आहे. शब्द तोच, बोलीत झिजलेला. 'नळ' म्हटल्यावर आपल्या डोळ्यासमोर लोखंडी पाइप येतो. पेशवाईत नळ म्हणजे जमिनीखाली दगड-चुन्यात बांधलेला, वर कमान असलेला बंदिस्त पाट. थोरले नानासाहेब पेशवे, म्हणजे बाळाजी बाजीराव, यांनी १७५० च्या सुमारास तो बांधून घेतला. कात्रजला डोंगराच्या पायथ्याशी ओढा अडवून तलाव केले आणि तिथून थेट शनिवारवाड्यापर्यंत पाणी आणलं. अंतर आठ किलोमीटरच्या आसपास. पंप नाही, मोट नाही, रहाट नाही. सगळा खेळ उताराचा.

मी बांधकामातला माणूस आहे, रोज लेव्हलिंगचं यंत्र घेऊन उभा असतो, म्हणून या उताराचं मोल मला कळतं. उतार जास्त झाला तर पाणी धावतं आणि चुना खातं. कमी झाला तर गाळ बसतो आणि नळ भरतो. धनकवडी, स्वारगेट, शुक्रवार, बुधवार अशी सगळी चढउताराची जमीन, आणि खाली हा पाट आपला एका लयीत चाललेला. हे त्यांनी दोरी, ओळंबा आणि पाणसळ यांवर साधलं.

उच्छ्वास कशाला? तीन कारणं, आणि तिन्ही एकाच भोकात. बंदिस्त पाटात हवा कोंडली तर पाणी अडतं, तिला बाहेर पडायला वाट हवी. गाळ काढायला माणूस आत उतरला पाहिजे. आणि तुमच्या आजीसारख्यांना पोहरा सोडायला जागा हवी. नळाची आतली उंची माणूस उभा राहील इतकी आणि रुंदी जेमतेम अडीच फूट, तीही गाळ उपसणाऱ्यासाठीच.

कसबेकर

गवंडीसाहेब, माहिती उत्तम. पण भुयार नव्हतंच, असं एका फटक्यात म्हणू नका. माझे आजोबा १९१२ चे. त्यांनी स्वतः भुयाराचं तोंड पाहिलं होतं आणि त्यातून घोडेस्वार पर्वतीवर जात, असं ते सांगत. माझे आजोबा खोटं बोलणारे नव्हते. पुण्यात हे शेकडो घरांत सांगितलं जातं. शेकडो घरं उगाच बोलतील का?

गवंडी

काका, आजोबांनी तोंड पाहिलं असणार, यात मला तिळमात्र शंका नाही. कमान पाहिली असेल, आत अंधारात जाणारा बांधीव रस्ता पाहिला असेल. माणूस उभा चालू शकेल असा. त्यांनी पाहिलं ते खरंच. पण अडीच फुटांत घोडा जाईल का, एवढं सांगा. घोड्याचं पोटच त्याहून रुंद भरेल, वर स्वाराचे दोन पाय.

दुसरं, शनिवारवाडा मुठेच्या काठाला आहे. तिथे खोल भुयार खणलं तर पावसाळ्यात ते पाण्याने भरणार. नळाचं काम वेगळं, त्याला पाणी हवंच असतं.

अनुराधा_म

भुयाराच्या गोष्टींमागे आणखी एक कारण दिसतं. जुन्या वाड्यांत तळघरं होती, बळदं होती, धान्याची पेवं होती. पेवाचं तोंड लहान आणि आत मोठी पोकळी. दिवा धरला तर टोक दिसत नाही. आमच्या नारायण पेठेतल्या घरात असं पेव होतं, आणि आम्हीही त्याला भुयारच म्हणायचो. शेजारच्या घरात उच्छ्वास, पलीकडे तळघर, समोर पेव. पोरांच्या मनात ही सगळी भोकं एकमेकांना जोडली जातात आणि शनिवारवाडा ते पर्वती भुयार तयार होतं. पर्वतीवरचं देवस्थान आणि कात्रजचा नळ, दोन्ही नानासाहेबांच्याच काळातली. त्यामुळे ही दोन नावं गोष्टीत एकत्र येणं सोपं होतं.

भटका_सातारकर

मार्च २०१९ मध्ये स्वारगेटला मेट्रोचं खोदकाम चालू असताना जमिनीखाली बांधीव भुयार लागलं होतं, आठवतंय का कुणाला? मी तेव्हा रोज स्वारगेटवरून साताऱ्याची गाडी पकडायचो. पत्र्याच्या फटीतून बघायला ही गर्दी! माझ्या पुढचा एक माणूस मुलाला खांद्यावर घेऊन सांगत होता, "बघ, महाराज इथून जायचे." तो निघाला पेशवेकालीन पाण्याचा मार्गच. बातमी आली तेव्हा आमच्या गाडीतली चर्चा एका मिनिटात थंडावली. "हात्तिच्या, पाण्याचा नळ होय!" मला ते ऐकून वाईट वाटलं होतं. अडीचशे वर्षं जमिनीखाली उभी राहिलेली कमान, आणि आपण 'हात्तिच्या' म्हणतो.

वाड्यातली

@भटका_सातारकर, अगदी. मला इथे येईपर्यंत मनातून भुयारच हवं होतं, हे खरं. पण गवंडीदादांनी हवा, गाळ आणि पोहरा ही तीन कारणं सांगितली तेव्हा मी उठून चौकात गेले आणि त्या खाचांवर हात फिरवला. चोरवाट काय, एखाद्या रात्री एखाद्याच्या कामी आली असती. या वाटेने रोज सकाळी कितीतरी घरांत पाणी आलं. माझी पणजी, तिची सासू, तिच्या सासूची सासू. त्या खाचा त्यांच्या आहेत.

नीलिमा_क

ताई, पणजीचा विषय निघालाच आहे तर हौदांबद्दल लिहिते, कारण नळ जिथे वर येतो तो हौद.

वाड्यांत उच्छ्वास होते, पण ज्यांना वाडा नाही त्यांच्यासाठी रस्त्यावर हौद. नावं आजही चालतात : काळा हौद, फडके हौद, साततोटी, बाहुलीचा हौद, सदाशिव पेठ हौद. रिक्षावाल्याला 'फडके हौद' म्हणा, बरोब्बर नेतो. हरिपंत फडक्यांच्या नावाचा तो. सगळे हौद एकाच नळावर नव्हते. सदाशिव पेठेत नाना फडणविसांनी आंबेगावाकडून वेगळं पाणी आणलं, आणि रास्त्यांनी कोंढव्याकडून आपल्या पेठेत.

पण हौद सगळ्यांचा होता का? नव्हता. शहराला पाणी मिळालं, पण शहरातल्या सगळ्या माणसांना मिळालं नाही. अस्पृश्य मानलेल्या बायकांनी हौदापासून लांब उभं राहायचं, कुणी वरून ओतलं तर घागर भरायची. म्हणून जोतीराव फुल्यांनी १८६८ मध्ये आपल्या घरचा हौद त्यांच्यासाठी खुला केला, ही या नळाच्या गोष्टीतली माझ्या लेखी सगळ्यात मोठी घटना आहे. नानासाहेबांनी पाणी आठ किलोमीटर आणलं. हौदाच्या काठापासून घागरीपर्यंतचं शेवटचं हातभर अंतर कापायला आणखी शंभराहून जास्त वर्षं लागली. गंज पेठेत फुलेवाड्यात जाऊन ते ठिकाण बघा. पुण्याच्या पाण्याबद्दल लिहिणाऱ्याने ते वगळू नये.

आणि बाहुलीच्या हौदाशी क्षणभर थांबा. डॉ. विश्राम रामजी घोले यांनी आपली लहानगी काशीबाई गेल्यावर तिच्या आठवणीसाठी तो बांधला. बुधवारातल्या गर्दीत लोक नावावरून हसतात, कारण माहीत नसतं.

कसबेकर

नीलिमाताई, हे वाचून मी बराच वेळ गप्प बसलो. माझ्या आजोबांच्या गोष्टीत घोडेस्वार होते, पण घागर घेऊन लांब उभी असलेली बाई नव्हती. ती गोष्ट आम्हाला कुणी सांगितलीच नाही.

आता मी पाहिलेलं सांगतो. १२ जुलै १९६१. पानशेत फुटलं तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो. पाणी ओसरल्यावर सगळीकडे चिखल, आणि पिण्याला थेंब नाही. घरचे नळ कोरडे. तेव्हा लोकांनी जुने आड, जुने हौद पुन्हा उघडले. माझी आई कळशी घेऊन हौदावर रांगेत उभी होती, मी तिच्या पदराला धरून. पुढची एक म्हातारी सारखी म्हणत होती, "कात्रजचंय, कात्रजचंय, येईल." मला तेव्हा कळलं नाही ती काय म्हणतेय. आज कळलं. धरण फुटलं मुठेच्या खोऱ्यातलं, हे पाणी येत होतं दुसऱ्या डोंगरातून.

रानवारा

मी नगरची, पुण्यात शिकायला आहे. धागा वाचून अंगावर काटा आला. प्रश्न सरळ आहे : हे बघायला मिळेल का? नळात उतरता येतं का? आम्ही सहाजण आहोत, सगळ्यांकडे हेडटॉर्च आहेत.

जलसंधारक

रानवारा, नळात उतरायचं नाही. हे मी ओरडून लिहितोय असं समज.

माझं कामच बंदिस्त जागांत माणसं उतरवण्याचं आहे, टाक्या आणि चेंबर. जुने लोक आडात उतरण्याआधी कंदील सोडायचे. विझला तर उतरायचं नाही. ते बरोबर होतं, पण अर्धंच. कंदिलाने प्राणवायू कमी आहे का ते कळतं, विषारी वायू कळत नाही. आज या नळांत ठिकठिकाणी सांडपाणी शिरलंय. तिथे हायड्रोजन सल्फाइड साठतो, सडक्या अंड्याच्या वासाचा. प्रमाण वाढलं की नाक बधिर होतं आणि वास येणंच बंद होतं. माणसाला वाटतं हवा सुधारली, आणि तो खाली कोसळतो. त्याला काढायला दुसरा उतरतो, तोही कोसळतो. मी हे पाहिलं आहे. हेडटॉर्चचा इथे काही उपयोग नाही.

वरून बघा, मन भरून बघा. उतरू नका.

अनुराधा_म

रानवारा, नाराज होऊ नकोस. पुण्याच्या जमिनीखाली रीतसर जाता येईल अशा जागा आहेत. मी मुलांना घेऊन जाते तो क्रम सांगते.

आधी कात्रज. प्राणिसंग्रहालयाच्या आवारात खालचा तलाव आहे, वरचा तो नानासाहेब पेशवे जलाशय. लोक वाघ बघून परततात. तू बांधाकडे बघ. नळाची सुरुवात इथे आहे, आणि हे आधी पाहिलं की शहरातला प्रत्येक हौद वेगळा दिसतो.

मग सोमवार पेठेतला त्रिशुंड गणपती. हे माझं सगळ्यात लाडकं ठिकाण. भीमगीरजी गोसावी यांनी १७५४ मध्ये पाया घातला. गणपती तीन सोंडांचा आणि मोरावर बसलेला. दर्शनी भिंतीवर गेंड्याला साखळदंड घालणारे गोरे शिपाई कोरलेत, तेही अठराव्या शतकात! आत संस्कृत आणि फार्सी शिलालेख. आणि गाभाऱ्याखाली तळघर, तिथे गुरूंची समाधी. तळघरात पाणी असतं. गुरुपौर्णिमेला ते काढून समाधीचं दर्शन देतात. जवळच नागझरी वाहते, गल्ली अरुंद, आणि त्या काळ्या पायऱ्यांवर उभं राहिलं की पायांना गारवा लागतो. बाहेर एप्रिलचं ऊन असलं तरी.

जंगली महाराज रस्त्यावरचं पाताळेश्वर तर आठव्या शतकातलं, अख्खं एका कातळातून खाली कोरत नेलेलं. बाहेर रस्त्यावर बसची घरघर, आणि दहा पायऱ्या उतरलं की गोल नंदीमंडपाशी आपला श्वास ऐकू येतो. विद्यापीठाच्या मुख्य इमारतीखाली इंग्रजी अमदानीतलं भुयार आहे, गव्हर्नरसाहेबांच्या स्वयंपाकघरातून जेवण नेण्यासाठी केलेलं. ते मात्र आधी चौकशी करून.

आणि शेवटी मेट्रोने परत ये. जिल्हा न्यायालय स्थानक जवळजवळ ३३ मीटर खोल आहे. तिथून भुयारी मार्गाने कसबा, मंडई, स्वारगेट. सप्टेंबर २०२४ पासून आपण रोज पेठांच्या खालून जातो. डब्यात बसल्यावर लक्षात ठेव, आपल्या डोक्यावर नळ आहे, त्याच्यावर वाडे.

भटका_सातारकर

हे शेवटचं वाक्य मी उद्या सकाळी मंडईखालून जाताना म्हणणार आहे.

एक भर. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबील ओढ्याला जो पूर आला तोही याच पाण्याच्या गोष्टीतला. पेशवाईत या ओढ्याचा प्रवाह वळवला, त्याच्या जागी शहर वाढलं. त्यांनी वळवलं तेव्हा पाण्याला दुसरी वाट दिली होती. आपण वाट न देता भिंती घातल्या. अरण्येश्वरला माझ्या मित्राच्या घरात छातीएवढं पाणी होतं. उच्छ्वास बुजवणं हे त्याच जातीचं काम आहे. वाहणारं पाणी अडलं की ते कुणाच्या तरी तळमजल्यात निघतं.

वाड्यातली

हाच मुद्दा मला हवा होता! पाडकामवाल्यांशी भावनेने बोलले तर ते मान हलवतात. पाणी तळमजल्यावरच्या पार्किंगमध्ये येईल म्हटलं की ऐकतात. गवंडीदादा, तांत्रिक भाषेत चार ओळी द्याल का?

गवंडी

ताई, या लिहून घ्या. "भूखंडाच्या मागील भागात जुन्या भूमिगत जलवाहिनीचा उच्छ्वास असून वाहिनी प्रवाही असण्याची शक्यता आहे. पाया खोदण्यापूर्वी तिची दिशा व खोली तपासावी. उच्छ्वास बुजवल्यास किंवा वाहिनी तोडल्यास पाणी खोदाईत शिरेल व पायाभोवती साठेल. उच्छ्वासाभोवती मोकळी जागा सोडून जाळीचे झाकण बसवावे." सोबत फोटो आणि मोजमाप जोडा. वास्तुविशारदाला द्या, सोसायटीच्या ठरावात घाला, आणि महापालिकेच्या हेरिटेज विभागाला एक प्रत द्या. पोच घ्यायला विसरू नका.

वाहिनी प्रवाही आहे का, एवढं मात्र आधी बघायला हवं. मी रविवारी येऊ का? कसबेकर काका, तुम्हीही या.

कसबेकर

येतो. गुडघे धरतात, पण येतो.

वाड्यातली

मंडळी, रविवार पार पडला. सविस्तर लिहिते.

गवंडीदादा, कसबेकर काका, रानवारा आणि तिच्या दोन मैत्रिणी आल्या. जलसंधारक दादांनी वायू मोजायचं यंत्र दिलं होतं, ते आधी दोरीने खाली सोडलं आणि कुणी काठावर ओणवं होऊन बराच वेळ राहायचं नाही असा त्यांचा हुकूम होता, तो पाळला. फरशी सरकवायला चार माणसं लागली. खालून गार हवा आली. वास चुन्याचा आणि ओल्या दगडाचा, सांडपाण्याचा नाही. आईने डोळे मिटून घेतले, म्हणाली, "हाच वास."

टेपला दगड बांधून सोडला. सोळा फुटांवर पाणी लागलं, पाण्याखाली आणखी अडीच फूट, मग गाळ. रानवाराच्या मैत्रिणीने मोबाइल पारदर्शक पिशवीत घालून काठीला बांधला, दिवा लावून खाली सोडला. पडद्यावर आधी नुसती भिंत दिसली, घडीव दगड, सांधे इतके बारीक की गवंडीदादा पुन्हा पुन्हा थांबवून बघत होते. मग काठी थोडी फिरवली आणि कमान आली. पूर्ण, न तुटलेली. दक्षिणेला एक, उत्तरेला एक. कसबेकर काका पडद्याकडे बघत म्हणाले, "आजोबांनी हेच पाहिलं." मग बराच वेळ ते चौथऱ्यावर बसून होते.

वाहतंय का, हे कळत नव्हतं. पाणी काळं, स्थिर दिसत होतं. आई आत गेली आणि वृंदावनातली तुळशीची पाच-सहा पानं घेऊन आली. ती तिने वरून सोडली. एक काठाला चिकटलं, बाकीची खाली गेली. मोबाइलच्या उजेडात ती पाण्यावर दिसली, एका जागी गोळा झालेली. आम्ही सगळे श्वास धरून. साधारण अर्धा मिनिट काही नाही.

मग त्यातलं एक पान सुटलं, हळूच वळलं, आणि उत्तरेच्या कमानीखाली गेलं. शनिवारवाड्याच्या बाजूला. त्याच्यामागून दुसरं.